कानातल्या इअरफोनची पारख

श्रोतेहो, बाजारात जाऊन वस्तू पारखण्याची आपली रीत जुनी आहे. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, त्याला चार पावले चालवून पाहतो. ज्वारी घेताना मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एखादा दाणा दाताखाली फोडतो. मडके घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारून त्याचा नाद ऐकतो आणि बद्द वाजले तर बाजूला ठेवतो. पण हाच चोखंदळ माणूस कानात घालायचा इअरफोन घ्यायला गेला म्हणजे काय करतो? डब्यावरचे चित्र पाहतो, 'जोरदार बास' ही ठळक अक्षरे वाचतो, किंमत विचारतो आणि खिशात हात घालतो. ज्या वस्तूचा सगळा गुण ऐकण्यात आहे, ती वस्तू आपण डोळ्यांनी निवडतो. तेव्हा तिची पारख कानाने कशी करावी, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

विषय लहान वाटेल, पण तो तसा नाही. अणदूर हे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे गाव. येथून नळदुर्ग, उमरगा, सोलापूर या बाजूंना शिकायला आणि नोकरीला जाणारी माणसे एस.टी.त बसली की पहिल्यांदा तिकिटाचे पैसे काढतात आणि दुसऱ्यांदा इअरफोन. २०२० साली शाळा-महाविद्यालये बंद झाली, अभ्यास मोबाईलवर आला आणि पाटी-पेन्सिलीसारखी ही वस्तू मुलांच्या दप्तरात जाऊन बसली. शाळा पुन्हा उघडल्या, पण इअरफोन काही दप्तरातून बाहेर पडला नाही. स्पर्धापरीक्षेची व्याख्याने, भजन, कीर्तन, बाजारभाव, बातम्या, सगळे त्यातूनच ऐकले जाते. घरातल्या मुलाच्या कानात रोज दोन-तीन तास जी वस्तू असते, ती निवडताना बैलाइतकी नसली तरी मडक्याइतकी काळजी घ्यावयास नको काय?

मी भाषेचा अध्यापक आहे, यंत्रशास्त्राचा नव्हे. म्हणून माझी कसोटी साधी आहे. ज्या इअरफोनने हळू आवाजातही शब्द स्पष्ट कळतो, आणि तासभर कानात असूनही जो कानात आहे याची आठवण होत नाही, तो चांगला. बाकीचे गुण त्यानंतर. आता ही कसोटी लावायची कशी, ते पाहू.

आधी वस्तू समजून घेऊ. इअरफोन दोन तऱ्हेचे. एक कानाच्या बाहेरच्या खोबणीत नुसता टेकून राहतो. दुसऱ्याच्या टोकाला मऊ रबराची टोपी असते, ती कानाच्या नळीत शिरते आणि बाटलीच्या बुचासारखी तोंड बंद करते. या दुसऱ्या जातीचा चांगला नमुना म्हणजे गायक-वादकांचा 'इन-इअर मॉनिटर'. रंगमंचावर ढोल, गिटार आणि मोठे कर्णे यांच्या गलक्यात गायकाला स्वतःचाच सूर ऐकू येईनासा होतो. तो ऐकू यावा म्हणून पूर्वी पायाशी कर्णे ठेवीत; मग गलका आणखी वाढे. अमेरिकेत १९९५ च्या सुमारास जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या वाद्यवृंदाच्या ढोलवादकासाठी कानात बसणारी अशी जोडी तयार केली, आणि पुढे या वस्तूचा मोठा व्यवसाय उभा राहिला. एके काळी मोठ्या कलावंतांनाच परवडणारी ही वस्तू आता दोनशे-तीनशे रुपयांपासून दोन हजारांपर्यंत कोणालाही मिळते. तिचा मूळ हेतू मात्र लक्षात ठेवावा: बाहेरचा गलका अडवायचा, म्हणजे आतला आवाज हळू ठेवता येतो. आपण नेमके उलटे करतो. गलका आत येऊ देतो आणि त्यावर मात करायला आवाज वाढवतो.

इअरफोनच्या पोटात काय असते? बहुतेकांत एक छोटे लोहचुंबक, त्यात बारीक तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा. मोबाईलमधून येणारा विजेचा प्रवाह मागे-पुढे झाला की पडदा थरथरतो आणि हवा हलते. दिमडीच्या कातड्याचे जे काम, तेच या पडद्याचे. दुसऱ्या प्रकारात चुंबकाच्या मधोमध धातूची चिमुकली पट्टी हलते. ही रचना श्रवणयंत्रांतून आलेली आहे. काही डब्यांवर 'चार ड्रायव्हर', 'पाच ड्रायव्हर' असे अभिमानाने लिहिलेले असते. पण पाच जण एकाच वेळी बोलू लागले म्हणजे भाषण चांगले होते असे नाही. त्यांचा मेळ बसला पाहिजे. नीट बसवलेला एकच पडदा पुष्कळदा पाचांपेक्षा सरस ठरतो.

किमतीचेही तसेच. ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोन-इअरफोनांची मापे आणि त्यांच्या किमती ताडून पाहिल्या. जाड-बारीक आवाजांचा समतोल आणि दुकानातली किंमत यांच्यात त्याला काही संबंध आढळला नाही. महागाला मजबूत वायर असेल, सुबक पेटी असेल. पण चांगल्या आवाजासाठी गरिबाने हात टेकावेत असे मुळीच नाही. मात्र स्वस्तात रत्नही मिळते आणि गारगोटीही मिळते, म्हणूनच पारख हवी.

डब्यावर आणखी एक आकडा असतो: '२० ते २०,००० हर्ट्झ'. माणसाच्या कानाला साधारण एवढ्याच पट्ट्यातले आवाज ऐकू येतात आणि वयाबरोबर वरची मर्यादा खाली येत जाते. पण हा आकडा वाचून काहीच कळत नाही. अणदूर ते सोलापूर रस्ता आहे, एवढे पाटीवर लिहावे आणि खड्डे किती, चढ किती, ते लिहू नये, तसे हे आहे. कोणता आवाज किती उचलला आहे आणि कोणता दाबला आहे, ते कळले तर उपयोग. ते आपल्या कानानेच शोधावे लागते.

आता मुख्य गोष्ट. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. ती सरळ नसते, तिला किंचित वळण असते, आणि प्रत्येकाची निराळी असते. एकाच माणसाचे दोन कानही सारखे नसतात. म्हणून डब्यात रबरी टोप्यांच्या तीन जोड्या दिलेल्या असतात: लहान, मध्यम, मोठी. दुकानदार तिला टिप म्हणतात. पुष्कळ लोक मधली टोपी लावलेली असते तशीच ठेवतात आणि बाकीच्या दोन्ही जोड्या डब्यासकट फेकून देतात. मग म्हणतात, यात बासच नाही. बास कुठून असणार? टोपी आणि नळी यांच्यात बारीक फट राहिली की सगळ्यात आधी ढोलकीची घुमारी निघून जाते, उरतो तो किरकिरा आवाज. ती भरून काढायला माणूस आवाज वाढवतो, आणि किरकिर जास्तच टोचू लागते. इअरफोन वाईट ठरतो, खरे तर टोपी चुकलेली असते.

टोपी बसली की नाही हे पाहायची युक्ती सोपी आहे. इअरफोन घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वरच्या बाजूने धरून हळूच वर आणि मागे ओढा. नळी थोडी सरळ होते. मग टोपी अलगद फिरवत आत सरकवा आणि पाळी सोडा. आता गाणे न लावता, तोंड मिटून 'हूं' असा हुंकार द्या. स्वतःचाच आवाज डोक्यात घुमला, विहिरीत बोलल्यासारखा वाटला, तर बूच पक्के बसले. एका कानात घुमला आणि दुसऱ्यात नाही, तर दुसऱ्या कानाला वेगळ्या मापाची टोपी लावा. डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी, यात लाजण्यासारखे काही नाही. चपलेच्या जोडात तसे करता येत नाही, इथे येते. असे बूच नीट बसले म्हणजे बाहेरचा आवाज साधारण १५ ते २५ डेसिबलने खाली येतो. हा आकडा ध्यानात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

यानंतर आवाजाची परीक्षा. ती अनोळखी परदेशी गाण्यावर करू नये, कारण ते वाद्य मुळात कसे वाजते हेच आपल्याला ठाऊक नसते. आपल्या भागातल्या माणसाला कसोटीचे आवाज शोधत हिंडावे लागत नाही. अणदूरचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात असतो. दोन्हीकडे वाघ्याची दिमडी, तुणतुण्याची तार आणि मुरळीच्या हातातली घाटी आपण लहानपणापासून हाताच्या अंतरावरून ऐकलेली आहे. तुळजापुरात गोंधळ्याचे संबळ ऐकले आहे. गावच्या भजनातला टाळ तर रोजचाच. हे आवाज आपल्या कानात पक्के बसलेले आहेत. त्यांचेच चांगले ध्वनिमुद्रण लावा.

संबळ ऐकताना हे पाहा: त्यात दोन भांडी असतात, एक खर्जात बोलते, दुसरे उंच स्वरात. दोन्ही वेगवेगळी ऐकू आली पाहिजेत. खर्जाचा ठोका पडून लगेच थांबला पाहिजे. तो लोळत पुढे गेला आणि गोंधळ्याचे शब्द त्याखाली बुडाले, तर तो 'जोरदार बास' म्हणजे नुसता चिखल समजा. टाळ आणि घाटी ऐकताना ती किणकिणली पाहिजे, पण टाचणीसारखी टोचता कामा नये. स्वस्त इअरफोनांचा नेहमीचा दोष हाच की, वरच्या पट्टीतला एखादा तुकडा नको इतका उचललेला असतो. दुकानात दोन मिनिटे तो चकचकीत वाटतो, घरी वीस मिनिटांत डोके उठवतो. तुणतुण्याची तार छेडल्यावर तिच्यातली झणझण ऐकू यावी. आणि माणसाचा आवाज? तो समोर बसून बोलतो आहे असा वाटावा. माठात तोंड घालून बोलल्यासारखा नको आणि नाकातून बोलल्यासारखाही नको.

येथे एक सावधगिरी. परीक्षेसाठी मध्यम लहरींवरचा कार्यक्रम घेऊ नये. मध्यम लहरींवर साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचे आवाज पोचतच नाहीत, एफ.एम.वर ते पंधरा हजारांपर्यंत पोचतात. टाळाची किणकिण मध्यम लहरीवर कमी आली तर तो दोष इअरफोनचा नव्हे.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी एक खास परीक्षा सांगतो. तिला पैसा लागत नाही, वर्गातल्या मुलांना घेऊन ती करता येते आणि तिच्यात भाषेचाही धडा होतो. मराठीत असे पुष्कळ शब्द आहेत की ज्यांत एका अक्षराचा फरक झाला की अर्थ बदलतो. गाव आणि घाव. गडी आणि घडी. दार आणि धार. बात आणि भात. पार आणि फार. काळ आणि काल. वेळ आणि वेल. मण आणि मन. कोण आणि कोन. साल आणि शाल. अशा दहा जोड्या, म्हणजे वीस शब्द, चिठ्ठ्यांवर लिहा, चिठ्ठ्या मिसळा, आणि शांत खोलीत एकाने प्रत्येक शब्दानंतर तीन सेकंद थांबत ते वाचावेत. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावे. वाचणाऱ्याचा 'ण' आणि 'न' वेगळा असावा, हे शिक्षकांना मी सांगायला नको.

मग ऐकणाऱ्याने इअरफोन घालावा आणि आवाज इतका हळू ठेवावा की ओसरीच्या पलीकडच्या टोकाला बसून कोणी बेताने बोलते आहे असे वाटावे. ऐकलेला शब्द वहीत लिहावा. वीसपैकी दहा नुसत्या अंदाजानेही बरोबर येऊ शकतात, तेव्हा दहावर खूश होऊ नये. अठरा-एकोणीस आले तर तो इअरफोन शब्दांशी प्रामाणिक आहे. दुसऱ्या वेळी चिठ्ठ्यांचा क्रम बदलून वेगळे मुद्रण घ्यावे, नाहीतर मुले क्रम पाठ करतात. आपल्या मुलांना आपण ओळखतोच! यानंतर तीच परीक्षा पिठाच्या गिरणीच्या दाराशी उभे राहून करावी, पण आवाज न वाढवता. अठरावरून सतरावर आले तर ठीक. अठरावरून बारावर आले तर टोपी नीट बसलेली नाही, किंवा तो इअरफोन आपल्या कानाचा नाही.

या परीक्षेत एवढे काय आहे, असे कोणी विचारील. 'स' आणि 'श' यांतला फरक मुख्यतः चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या आणि त्यावरच्या सळसळीत असतो. 'ग' चा 'घ' होतो तो एका हलक्या श्वासाने. शब्दाचा जोर खर्जात असतो, पण त्याची ओळख या बारीक खुणांत असते. जुना दूरध्वनी ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेत असे. म्हणून नाव सांगताना आपल्याला 'सखारामातला स' असे म्हणावे लागे. बास फुगवलेला इअरफोन या खुणा झाकून टाकतो. व्याख्यान ऐकणारा विद्यार्थी मग अर्धे शब्द अंदाजाने भरतो, दमतो, आणि आवाज वाढवतो.

दोन इअरफोनांची तुलना करताना एक फसगत टाळावी. जो किंचित मोठ्याने वाजतो तो कानाला नेहमी चांगला वाटतो. मोबाईलवरचा आवाजाचा काटा एकाच ठिकाणी ठेवला तरी दोन इअरफोन सारख्याच जोराने वाजतात असे नाही. एखादा कमी विजेवर जास्त वाजतो. म्हणून आधी दोन्हींचा आवाज कानाला सारखा लागेल असा जुळवून घ्यावा, मग तुलना करावी. आणखी एक: ऐकणाऱ्याला डोळे मिटायला सांगावे आणि कोणता महाग, कोणता स्वस्त, हे सांगू नये. किंमत कळली की कान मालकाचे ऐकत नाही, खिशाचे ऐकतो.

आता आरामाकडे वळू. आवाज कितीही चांगला असो, जो इअरफोन अर्ध्या तासाने काढून ठेवावासा वाटतो तो पेटीतच राहणार. दुकानात दोन मिनिटे घालून हे कळत नाही. म्हणून दुकानदाराशी गोडीने बोलून, परत घेण्याची बोली करून घ्यावी आणि घरी एक पूर्ण तास तो वापरावा. या तासात तीन गोष्टी कराव्यात. एक, भाकरी खावी. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. बसल्या जागी घट्ट असलेली टोपी चार घासांत सुटते. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी संपेपर्यंत जो टिकला तो पास. दोन, अंगणात चार फेऱ्या माराव्यात. वायर कपड्याला घासली की 'खरड खरड' असा आवाज आत येतो आणि स्वतःची पावले धपधप वाजतात. वायर कानाच्या मागून वरून घेतली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. गायकांच्या जोड्या तशाच घालावयाच्या असतात. तीन, तास संपल्यावर इअरफोन काढून कानाच्या खोबणीवरून बोट फिरवावे. एखादी जागा दुखते आहे, लाल झाली आहे, तर त्या इअरफोनचे अंग आपल्या कानाला मोठे आहे. ते सवयीने बसत नाही. नव्या चपलेसारखे चावून चावून सैल होईल, ही आशा धरू नये. कानात दाब वाटत असेल तर आधी लहान टोपी लावून पाहावी. रबराऐवजी स्पंजाची टोपी काहींना जास्त मानवते. इअरफोन काढताना वायरीला झटका देऊ नये, अंग धरून हलके फिरवत काढावा.

श्रोतेहो, इतका वेळ मी 'हळू आवाज' 'हळू आवाज' असा घोष चालवला आहे, त्याचे कारण आता सांगतो. कानाच्या आत शंखासारखा एक अवयव असतो. त्यात जन्मतः पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. आवाजाची लाट त्यांना हलवते आणि मेंदूला निरोप जातो. शेतातले पीक वाऱ्याने आडवे झाले तर काही वेळा पुन्हा उभे राहते. या पेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की, ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. पण दर ३ डेसिबलला आवाजाची शक्ती दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास, ९२ ला अवघे अडीच. लहान मुलांसाठी ८० ऐवजी ७५ ची मर्यादा सांगितली आहे.

आता एस.टी.तल्या मुलाचा हिशेब मांडा. रोज जाऊन-येऊन दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे बारा तास. इंजिनाची घरघर आणि खिडक्यांचा खडखडाट झाकायला त्याने आवाज ९२ डेसिबलपर्यंत नेला, तर आठवड्याची मर्यादा सोमवार ओलांडून मंगळवारी सकाळीच संपते. तोच मुलगा नीट बसलेली टोपी लावतो, बाहेरचा गलका १५-२० डेसिबलने उतरतो, आणि ७५ मध्ये त्याला शब्द न् शब्द कळतो. इअरफोन तोच, मोबाईल तोच, गाडीही तीच. फरक पडला तो दोन रुपयांच्या रबराने. इअरफोन आरामशीर आणि घट्ट बसणे ही चैन नव्हे असे मी म्हणतो ते यासाठी.

घरात डेसिबल मोजायचे यंत्र नसते, तेव्हा ढोबळ खुणा सांगतो. मोबाईलचा आवाज पूर्ण मर्यादेच्या साठ टक्क्यांच्या आत ठेवावा. पुष्कळ मोबाईलांत आवाजाला कायमची मर्यादा घालण्याची सोय असते; मुलांच्या मोबाईलवर ती पालकांनी घालावी. तासाभराने कानाला दहा मिनिटे विश्रांती द्यावी. इअरफोन काढल्यावर कानात 'ऊंऽऽ' असा सूर राहिला किंवा कान बधिरल्यासारखे वाटले, तर आवाज जास्त झाला होता, हे नक्की.

स्वच्छतेविषयी थोडेसे. एकाचा इअरफोन दुसऱ्याच्या कानात जाऊ नये, भावाभावांतही नाही. आठवड्यातून एकदा टोपी काढून साबणाच्या पाण्याने धुवावी, पूर्ण वाळवावी, आणि मगच लावावी. तोंडावरच्या बारीक जाळीत मळ साठला की एक बाजू हळू वाजू लागते. ती कोरड्या मऊ ब्रशने पुसावी, टाचणी खुपसू नये. अंघोळीनंतर ओल्या कानात इअरफोन घालू नये. कान वाहत असेल तर तो बरा होईपर्यंत इअरफोन बंद, आणि गरम तेलाचे प्रयोग न करता डॉक्टरकडे जावे. अणदुरात हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. अशा भागात तरी फुटलेला कान महिनोन् महिने कोणी अंगावर काढू नये.

आणि रस्त्यावर मात्र हे बूच नको. आमचा हमरस्ता रुंद झाला आहे, गाड्या वेगाने येतात. बाहेरचा आवाज अडवणे हा गाडीत बसलेल्याचा फायदा, पण रस्ता ओलांडणाऱ्याचा आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा घात आहे. रस्त्याला लागण्यापूर्वी दोन्ही कान मोकळे करावेत.

वायरीचा घ्यावा की बिनवायरीचा, असेही लोक विचारतात. बिनवायरीचा सुटसुटीत खरा. पण त्याची बॅटरी लहान असते, ती काही वर्षांत थकते आणि बदलता येत नाही. वायरीच्या इअरफोनचा रेडिओ ऐकणाऱ्याला आणखी एक उपयोग आहे. ज्या मोबाईलमध्ये एफ.एम. रेडिओ आहे, त्याला इअरफोनची वायर हीच आकाशतार म्हणून कामी येते. वायर लावली नाही तर बहुतेक मोबाईलवर रेडिओ लागतच नाही. इंटरनेट गेले, वादळात मनोरे बंद पडले, तरी या वायरीवर आकाशवाणी ऐकता येते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्या भागाने सोसला त्याला याचे महत्त्व सांगायला नको. मोबाईल बनवणाऱ्यांनी एफ.एम.ची सोय बंद करू नये, असे केंद्र सरकारनेही २०२३ साली त्यांना कळवले आहे. नवा मोबाईल घेताना त्यात एफ.एम. आहे काय आणि वायर लावायचे भोक कोणत्या मापाचे आहे, हे जरूर पाहावे.

शेवटी पुन्हा त्या वीस शब्दांकडे येतो, कारण त्यांचा एक उपयोग सांगायचा राहिला आहे. मोठ्या आवाजाने कान बिघडतो तेव्हा तो एकदम बहिरा होत नाही. आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे कमी होते. माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. 'साल' आणि 'शाल' एक होतात. तो म्हणतो, लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. वर्गात असा मुलगा मागे बसून दुसऱ्याच्या वहीत पाहून लिहितो, आणि आपण त्याला दुर्लक्षी समजतो. तेव्हा शिक्षकांनी ही परीक्षा वर्षातून एकदा वर्गात घ्यावी. एखाद्या मुलाला चांगल्या इअरफोनवर, नीट बसलेल्या टोपीने, शांत खोलीतही पंधराच्या पुढे जाता येत नसेल आणि बाकीच्यांना त्याच जोडीवर अठरा-एकोणीस येत असतील, तर इअरफोन बदलू नये. त्याला पहिल्या बाकावर बसवावे, घरी निरोप द्यावा, आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून त्याची श्रवणतपासणी करून घ्यावी. ती जितकी लवकर होईल तितके त्याचे शिक्षण वाचेल.